चारची भिंत आणि वरचे साडेपाच टन

सिडकोतल्या घरात राहण्याचा एक फायदा आहे. शेजाऱ्याच्या घरात डोकावलं की आपल्या घराचा नकाशा कळतो. पण हे तळमजल्यापुरतंच. वरचे मजले ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीनं, सोसायटीचं कर्ज मिळेल तसं आणि आपापल्या गवंड्याच्या अकलेनं चढवलेले. नाशिकमध्ये सिडकोच्या सहा योजना झाल्या, त्यांतल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून वर बघा, शेजारशेजारच्या दोन घरांच्या खिडक्या एका रेषेत दिसल्या तर सांगा.

आमचं घर पवननगरच्या मागच्या बाजूला. रुंदी अकरा फूट, लांबी त्याच्या अडीचपट. पुढे हॉल, मग स्वयंपाकघर, मागे पूर्वीच्या मोकळ्या जागेवर झाकून घेतलेली खोली. मागची जागा झाकली आणि स्वयंपाकघराची खिडकी गेली, तेव्हापासून दिवसा बारा वाजताही ओट्यावर ट्यूब लावावी लागते. म्हणून हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढायची असं ठरलं.

मिस्त्रींनी भिंत पाहिली, बोटांनी टकटक केलं, दाराच्या चौकटीपाशी वीत लावली. “ताई, चारची भिंत आहे ही, चार-साडेचार इंचांची. दुपारच्या डब्यापर्यंत मोकळं करून देतो.”

“वरचं काय?”

“वर बीम असणारच की. हिडन बीम. स्लॅबच्या पोटात टाकतात.”

पतसंस्थेत इतकी वर्षं काढल्यावर ‘असणारच’ या शब्दावर मी दहा हजारांचं कर्जही पुढे सरकवत नाही. मिस्त्री माणूस चांगला, काम सफाईचं, पण तो बीम त्यांनी पाहिला नव्हता, मीही पाहिला नव्हता. आमच्या ह्यांचं म्हणणं, चारची भिंत कधी लोडबेअरिंग, म्हणजे वरचा भार पेलणारी, असते का? नऊची असती तर गोष्ट वेगळी. हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं, म्हणूनच ते धोक्याचं.

रात्री मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातले बरेचसे परदेशातल्या लाकडी सांगाड्याच्या घरांचे. भिंत ठोकून बघा, पोकळ वाजली की चालेल, माळ्यावर जाऊन लाकडी वासे कुठल्या दिशेनं गेलेत ते बघा. आपल्या भाजक्या विटांच्या भिंतीत ठोकून काही कळत नाही. भार घेणारी वीट आणि न घेणारी वीट एकाच आवाजात बोलते. टकटक करून फार तर प्लास्टर कुठे सुटलंय ते कळतं. वासे कुठल्या दिशेनं गेलेत हा प्रश्न मात्र आपल्याकडेही लागू आहे. फक्त आपल्याकडे वाशांच्या जागी स्लॅबमधली सळई असते, आणि ती दिसत नाही.

मग मी स्वतःला जमेल तेवढं आधी करायचं ठरवलं. टेपनं भिंत मोजली: प्लास्टरसकट सहा इंच. म्हणजे आत साडेचार इंची अर्ध्या विटेचं काम. दोन्ही बाजूंच्या सामायिक भिंती दहा-साडेदहा इंच, म्हणजे नऊच्या. सासऱ्यांच्या फायलीत सिडकोच्या अलॉटमेंट लेटरबरोबर मूळ घराचा नकाशा निघाला. त्यात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये बारीक दुहेरी रेघ आणि सामायिक भिंतींना जाड काळी रेघ. इथवर मिस्त्री बरोबर होते. खोली अकरा फूट रुंद, त्यामुळे स्लॅबची मुख्य सळई या सामायिक भिंतीवरून त्या सामायिक भिंतीवर जाणार, कारण स्लॅब साधारणपणे जवळच्या आधारावर टाकतात. मधली भिंत त्या सळईला समांतर. म्हणजे तिच्यावर स्लॅब टाकलेलाच नाही. नकाशानुसार ती निव्वळ पार्टिशन, म्हणजे नुसती खोल्या वेगळ्या करणारी भिंत.

पण त्या नकाशात वरचा मजलाच नव्हता. तो आमच्या सासूबाईंच्या डोक्यात होता.

“वरचं काम आम्ही शहाण्णवला काढलं,” आई म्हणाल्या. “आधी संडास-बाथरूम इकडे नव्हतं, जिन्यापाशी घ्यायचं होतं. मग पाइप लांब पडतो म्हणून इकडे आणलं. टाकी वर ठेवायची तर भिंत जाड घ्या म्हणाला तो, म्हणून नऊची घेतली.”

“कुठली भिंत, आई?”

“बाथरूमची. बेडरूमच्या बाजूची.”

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय घरातली वीट काढू नये. कागदावर मंजूर झालेलं आणि प्रत्यक्षात बांधलेलं यांत अंतर असतं, आणि ते अंतर कुठल्याच कार्यालयात नोंदवलेलं नसतं.

आता प्रश्न असा की वरची ती नऊची भिंत खालच्या कशावर आहे? डोळ्यांनी सांगता येत नव्हतं. वर बेडरूम, खाली स्वयंपाकघर, दोन्हीकडून एकाच वेळी दिसेल असं काही नाही. पण बाथरूमच्या नहाणीचा पाइप स्लॅब भेदून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून खाली येतो. तो दोन्ही मजल्यांवर दिसतो. आधी ओळंबा सोडून पाइप सरळ आहे का ते पाहिलं, मग दोन्हीकडे पाइपाच्या मध्यापासून भिंतीच्या मध्यापर्यंत मापलं. खाली २६ इंच. वर ३० इंच.

चार इंचांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. कागदावर काढून बघितलं तेव्हा समजलं की वरच्या जाड भिंतीचा मध्य खालच्या भिंतीच्या कडेच्याही इंचभर बाहेर पडतोय. वरची भिंत खालच्या भिंतीवर नीट बसलेलीही नव्हती आणि तिच्यापासून नीट दूरही नव्हती. इथे माझी अक्कल संपली आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर शोधायला लागलो. आर्किटेक्ट नव्हे, इंटिरियरवाला तर नव्हेच. महापालिकेच्या नोंदणीतला, स्ट्रक्चरल म्हणून सही करू शकणारा.

जो आला तो तिशीतला मुलगा. आल्याआल्या भिंतीकडे न बघता थेट गच्चीवर गेला. तिथून खाली उतरत आला. नंतर विचारलं तर म्हणाला, “वजन वरून खाली येतं ना काकू, म्हणून मी पण वरून खाली येतो.” गच्चीवर त्यानं टाकीचा विटांचा चौथरा पाहिला. हजार लिटरची टाकी, नेमकी त्या नऊच्या भिंतीच्या डोक्यावर. मधल्या मजल्यावर भिंतीचं माप घेतलं, नहाणीच्या कडेची ओल पाहिली. खाली आल्यावर स्लॅबच्या पोटाकडे टॉर्च मारला. पाइपापाशी स्लॅबचं काँक्रीट फुगलेलं होतं, एका जागी सळई उघडी पडून गंजलेली. हे आम्ही दर दिवाळीला पुट्टी भरून रंगवत होतो.

मग त्यानं सळई शोधायचं यंत्र काढलं. मोबाइलएवढं खोकं, स्लॅबला खालून लावून सरकवायचं, लोखंड आलं की सूर लावतं. एका सामायिक भिंतीकडून दुसरीकडे जाणाऱ्या सळया साधारण सहा-सहा इंचांवर सापडत गेल्या, खडूनं खुणा केल्या. बीम असता तर त्या पट्ट्यात सळयांची दाटी लागली असती, सळयांना वेढणाऱ्या रिंगांची वेगळी ओळ लागली असती. तसं काही लागलं नाही. खात्रीसाठी भिंत जिथे छताला भिडते तिथलं प्लास्टर वीतभर फोडलं. विटेच्या डोक्यावर थेट स्लॅबचं सपाट पोट. मिस्त्रींचा हिडन बीम हिडनच राहिला.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. खिशातून हेक्सॉ ब्लेड काढलं आणि विटेचा वरचा थर आणि स्लॅब यांच्यामधल्या फटीत घालायला गेला. शिरेना. मग जिन्याखालच्या देवघराच्या पार्टिशनपाशी गेला, तिथेही तसंच प्लास्टर खरवडलं आणि ब्लेड घातलं. तीन-चार इंच सुरकन आत. “पार्टिशन स्लॅब झाल्यावर बांधतात,” तो म्हणाला. “शेवटच्या थराला मसाला कोंबतात, तो सुकून आकसतो. ब्लेड जायला पाहिजे. इथं जात नाही, कारण स्लॅब खाली येऊन बसलाय हिच्यावर.” मसाला चुरगळून पावडर झालेला नखानं काढून दाखवला.

ही भिंत भार घेण्यासाठी बांधली नव्हती. पंचवीस-तीस वर्षांत तिच्यावर भार आला. वरची भिंत चढली, त्या रेषेत स्लॅब थोडा वाकला आणि जे पहिलं हाताला लागलं त्यावर टेकला. नकाशा बघून ‘लोडबेअरिंग नाही’ म्हणणारा खोटं बोलत नव्हता. नकाशाला आजचं माहीत नव्हतं, इतकंच.

हार्डवेअरच्या बिलामागे त्यानं आकडे मांडले. वरची भिंत ११ फूट लांब, ९ फूट उंच, ९ इंच जाड, म्हणजे साधारण २.१ घनमीटर. विटेच्या कामाचं वजन घनमीटरला १९०० किलो धरलं तर चार टन. दोन्ही बाजूंचं प्लास्टर अर्धा टन. टाकी भरली की एक टन. साडेपाच टन. राहत्या खोलीत दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरायचा असं आयएस ८७५, म्हणजे इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक, सांगतं. आमच्या स्लॅबवर मात्र एका रेषेत मीटरमागे नुसत्या भिंतीचेच तेराशे-चौदाशे किलो बसलेले. आणि हा स्लॅब पाइपाच्या भोकातून मोजला तर साडेचार इंची, तोही कडेला गंजलेला.

“म्हणजे भिंत काढली असती तर पडलंच असतं?” ह्यांनी विचारलं.

“पडलंच असतं असं मी नाही म्हणणार,” तो म्हणाला. “कदाचित त्या दिवशी काहीच झालं नसतं. वाकलं असतं, वरच्या भिंतीला तडे गेले असते, बाथरूमची फरशी उचलली असती. आणि मग एखाद्या पावसाळ्यात काय, ते मला आत्ता सांगता येत नाही.” मला हे उत्तर पटलं. घाबरवून काम मिळवणारे पुष्कळ भेटतात.

शेवटची तपासणी खालची. भिंतीच्या पायथ्याशी दोन फूट बाय दोन फुटांची फरशी काढून खड्डा घेतला. सामायिक भिंतीखाली काळ्या दगडाचा पाया थेट मुरमापर्यंत गेलेला. मधल्या भिंतीखाली फरशीचा कोबा आणि त्याखाली भराव. पाया नाहीच. साडेपाच टनांतला जो काही हिस्सा तिच्यावर येत होता, तो ती चार इंच कोब्यावर घेऊन उभी होती. ओट्यापुढच्या फरशीचा उतार उलटा का झाला, दरवर्षी पावसाळ्यात त्या दाराची चौकट का आवळते, हे कोडं तिथं सुटलं. आमच्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भरावात तीच माती होती.

त्यामुळे भिंत काढायची की ठेवायची हा प्रश्नच मागे पडला. ठेवली असती तरी काहीतरी करावं लागणार होतं. काढायचीच आहे तर नीट आधार देऊन काढा, असं ठरलं.

उपाय निघाला तो आयएसएमबी २०० चा, म्हणजे आठ इंची गर्डरचा. आम्हाला वाटलं होतं की भिंत जिथे आहे तिथेच गर्डर येईल. तो येणार होता वरच्या भिंतीच्या मध्याखाली, म्हणजे चार इंच सरकून. आणि गर्डरची टोकं सामायिक भिंतीत घुसवायची नाहीत. ती भिंत अर्धी शेजाऱ्यांची, शिवाय तिच्यावर एका जागी एवढा भार टाकला तर विटा तिथे दबतात. म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी खांब, त्यांच्याखाली मुरमापर्यंत नेलेलं नवं काँक्रीट फूटिंग, म्हणजे खांबाचा पाया. खांब आणि गर्डर यांचा सांधा बोल्ट लावून, वेल्ड करून पक्का करायचा, नुसता टेकवायचा नाही. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे, आणि विटांच्या घरात आडव्या भिंती घराला डुलण्यापासून अडवतात. एक आडवी भिंत काढली की ते काम कुणीतरी करायला हवं. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आईंना चांगला आठवतो. त्यामुळे या मुद्द्यावर घरात चर्चा झाली नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २५४ प्रमाणे छताला आधार देणाऱ्या भिंतीत फेरफार करायचा तर आधी महापालिकेला कळवावं लागतं. त्याच कायद्याचं कलम २६५अ तीस वर्षांवरच्या इमारतींना संरचना तपासून प्रमाणपत्र घ्यायला सांगतं. पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या नाशकातल्या वाड्यांना नोटिसा लागतात त्या आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो, पण सिडकोतली पहिली घरंही आता त्या वयाची झाली आहेत. इंजिनिअरनं सहीचं ड्रॉइंग दिलं, ते अर्जाला जोडलं. शेजाऱ्यांना ड्रॉइंग दाखवून संमतीपत्र घेतलं. काका आधी जरा कुरकुरले, “माझ्या भिंतीला हात लागणार नाही ना?” गर्डर भिंतीत जाणार नाही हे ड्रॉइंगमध्ये बोट ठेवून दाखवल्यावर सही केली, आणि चहाही पाजला.

प्रत्यक्ष कामात क्रमाला महत्त्व. सर्वांत आधी टाकी रिकामी, वरच्या खोलीतलं कपाट हलवलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना अडीच फूट सोडून लोखंडी जॅकची एकेक रांग, वर आणि खाली जाड लाकडी फळ्या, म्हणजे जॅक स्लॅबला टोचणार नाही आणि फरशीत रुतणार नाही. जॅक आवळताना इंजिनिअर स्वतः उभा होता, कारण मिस्त्रींचा माणूस जोर लावायला लागला की थांबत नाही. “उचलायचा नाही, धरायचा फक्त,” हे तो पुनःपुन्हा सांगत होता. उचलला तर वरच्या भिंतीला तडा.

फूटिंगचे खड्डे एका वेळी एकच. एक भरून, काँक्रीट घट्ट झाल्यावर दुसरा. सामायिक पायाशेजारी दोन्ही बाजूंनी एकदम उकरायचं नाही. या मधल्या काळात स्वयंपाक मागच्या खोलीत गॅसच्या शेगडीवर, आणि भांडी वर बाथरूममध्ये. त्याबद्दल लिहीत बसत नाही.

भिंत ब्रेकरनं फोडली नाही. कटरनं कडेला चीर मारून, वरच्या थरापासून छिन्नी-हातोड्यानं एकेक वीट सोडवत उतरवली. मिस्त्री आधी वैतागले, एवढ्या वेळात दोन भिंती पाडल्या असत्या म्हणाले. वरचा थर निघताना मात्र तेच थांबले. विटा सहज सुटत नव्हत्या, दाबात अडकलेल्या होत्या. तिसरी-चौथी वीट निघाल्यावर जॅकच्या फळीनं करकर आवाज केला. ते खाली उतरले, सगळे जॅक हातानं चाचपले आणि पोराला ओरडून सांगितलं, “आरामात रे, घाई नाय करायची.”

गर्डर साधारण ८५ किलोचा. चार माणसांनी घोडीवर चढवला, खांबांवर बसवला. गर्डर आणि स्लॅब यांच्यामधल्या फटीत लोखंडी पाचरी, त्यावर न आकसणारं ग्राउट. साधं सिमेंट भरलं असतं तर ते सुकून आकसलं असतं आणि स्लॅब पुन्हा खाली आधार शोधत आला असता. ग्राउट पक्कं होईपर्यंत जॅक हलवले नाहीत. मग तेही एकदम नाही, थोडेथोडे ढिले करत.

गंजलेल्या सळईचं काम वेगळं झालं. फुगलेलं काँक्रीट काढून, सळई तारेच्या ब्रशनं घासून, गंजरोधक लावून वर दुरुस्तीचा मसाला. आणि नहाणीची गळती वरून बंद केली, नाहीतर खालची मलमपट्टी दोन पावसाळे टिकली असती. बाथरूमच्या भिंतीवर आधीपासून एक केसासारखी चीर होती, तिच्यावर इंजिनिअरनं काचेची पट्टी चिकटवून शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली. घर हललं तर काच तडकेल. आई रोज अंघोळीला जाताना ती बघतात आणि खाली येऊन सांगतात. आम्ही विचारलेलं नसतं तरी.

खर्च ठरवल्यापेक्षा बराच वाढला. ट्रॉल्या या वर्षी नाहीत, जुनीच मांडणी रंगवून लावली. गर्डर झाकायला खोटं छत करू म्हणाला सुतार, ते मी करू दिलं नाही. गंज आला, चीर पडली तर दिसायला हवी. लाल रेड ऑक्साइडवर भिंतीचाच रंग दिलाय. पाहुणे विचारतात, हे लोखंड काय? तर सांगते. ड्रॉइंगची एक प्रत सासऱ्यांच्या फायलीत, सिडकोच्या नकाशामागे लावली. त्यावर वरच्या भिंतीची, पाइपाची, फूटिंगची मापं आहेत.

आता शेजारच्या काकांनाही स्वयंपाकघर मोकळं करायचंय. परवा आले, गर्डरखाली उभे राहून वर बघितलं, मापं लिहून घेतली आणि म्हणाले, तुमचं ड्रॉइंग द्या, घरं सारखीच आहेत, परत इंजिनिअरचा खर्च कशाला? त्यांच्या वरच्या मजल्यावर मी गेलेली आहे. त्यांची बाथरूमची भिंत आमच्यापेक्षा फूटभर पुढे आहे आणि तिच्यावर टाक्या दोन आहेत. ड्रॉइंगऐवजी इंजिनिअरचा नंबर दिला. काका अजून नाराज आहेत.